झिंगा गोड्या पाण्यातला, मग पिल्लाला मीठ कशाला? समजून घ्या कात टाकण्यामागचे गणित

आलापल्ली : सागवानाच्या जंगलासाठी ओळखल्या जाणाऱ्या आलापल्लीपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही गडचिरोली-चंद्रपूरच्या मामा तलावात किंवा बोडीत जम्बो झिंगा वाढवायचा, तर त्याच्या आयुष्याचा पहिला महिना खाऱ्या पाण्यात जावा लागतो. बीज घेताना हे गणित कळले नाही, तर पैसे अक्षरशः पाण्यात जाऊ शकतात.

पाणी किती खारे हवे?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. जम्बो झिंग्याच्या पिल्लांना १२ ते १५ ग्रॅम पुरतात. निव्वळ गोड्या पाण्यात ती काही दिवसांतच मरतात. १९६१ मध्ये मलेशियातील पेनांग येथे शास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग यांनी ही गरज ओळखली आणि हॅचरीत बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला.

कात आणि मिठाचा संबंध काय?

झिंग्याचे कवच ताणले जात नाही. वाढायचे तर जुने कवच टाकावेच लागते. त्यानंतर शरीर पाणी शोषून फुगते आणि नवे कवच कडक होते. पिल्लू अशा ११ अवस्था पार करते, तेव्हा कुठे त्याला झिंग्याचे रूप येते.

गोड्या पाण्यात पिल्लाच्या शरीरातील क्षार बाहेर जातात आणि पाणी आत घुसते. पाणी फार खारे असेल तर उलट घडते. दोन्ही वेळा हा तोल सांभाळण्यातच शक्ती खर्च होते. १२ ते १५ ग्रॅमला शरीरातील आणि बाहेरील क्षार जवळपास बरोबरीचे असतात. वाचलेली शक्ती वाढीला आणि कात टाकण्याला मिळते.

खाद्यही खाऱ्या पाण्यातले

या पिल्लांचे मुख्य खाद्य म्हणजे आर्टेमिया, मिठागरांत आढळणारा इवलासा जीव. त्याची सुकी अंडी खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण २४ तासांत अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिल्ले बाहेर येतात. डोक्यामागील एका ग्रंथीतून ती जादा मीठ बाहेर टाकतात. मात्र पाणी जितके जास्त खारे, तितकी ही मेहनत जास्त आणि वाढ मंद.

नुकत्या जन्मलेल्या आर्टेमियात अंड्यातील पिवळ्या बलकाचा साठा असतो. पहिली कात टाकल्यावर तो झपाट्याने संपतो आणि पोषणमूल्य घटते. म्हणून हॅचरीत ताजा आर्टेमियाच दिला जातो. हॅचरीच्या निमखाऱ्या पाण्यात तो जिवंत पोहत राहतो, गोड्या पाण्यात मात्र काही तासांत मरून पाणी खराब करतो.

घरचे मीठ चालेल का?

नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमही असते. कवच कडक होण्यासाठी कॅल्शियम लागते. समुद्रापासून दूर कृत्रिम खारे पाणी तयार करता येते, पण सर्व क्षारांचे प्रमाण जुळावे लागते.

बीज घेताना काय पाहावे?

- पिल्लांच्या सर्व अवस्था पूर्ण झालेले बीजच घ्यावे.
- ते टप्प्याटप्प्याने गोड्या पाण्याला सरावले आहे का, हे हॅचरीत विचारावे.
- पिशवी थेट तलावात ओतू नये. आधी ती पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे, मग तलावाचे पाणी थोडे थोडे आत घालावे.
- कात टाकलेला झिंगा मऊ असतो आणि दुसरे झिंगे त्याला खातात. तलावात लपायला फांद्या टाकाव्यात.

नदीतले झिंगे काय करतात?

सिरोंचाजवळ प्राणहिता ज्या गोदावरीला मिळते, त्या नदीतील 'गोदावरी झिंग्या'लाही हाच नियम लागू आहे. अंडी घेऊन माद्या खाडीकडे उतरतात, पिल्ले तेथे वाढतात आणि प्रवाहाविरुद्ध वर येतात. वाटेत धरण किंवा बॅरेज आले की हा प्रवास अडतो. नदीतला झिंगा टिकवायचा, तर खाडीपर्यंतची वाट मोकळी राहायला हवी.