दोन भाषांची कादंबरीकार : शांता गोखले

तुर्की आणि इंग्रजी या दोन भाषांत कादंबरीलेखन करणाऱ्या एलिफ शफाक यांचे नाव जगभर परिचित असले, तरी द्वैभाषिक लेखनाची, म्हणजेच दोन भाषांत सारख्याच अधिकाराने लिहिण्याची, परंपरा मराठीतही आहे आणि शांता गोखले या तिच्या महत्त्वाच्या प्रतिनिधी आहेत. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे 1939 मध्ये जन्मलेल्या गोखले यांचे बालपण मुंबईत शिवाजी पार्क परिसरात गेले आणि इंग्रजी साहित्याचे पदवीशिक्षण इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात झाले. तरीही कादंबरीसाठी त्यांनी मराठीच निवडली. ‘रीटा वेलिणकर’मध्ये कुटुंबाचा भार वाहणारी, विवाहित पुरुषाच्या प्रेमात गुंतलेली आणि अखेर मनाने कोसळलेली अविवाहित, नोकरदार स्त्री केंद्रस्थानी असून, या कादंबरीच्या आधारे गोखले यांच्या कन्या रेणुका शहाणे यांनी 2009 मध्ये ‘रीटा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. ‘त्या वर्षी’ (2008) ही दुसरी कादंबरी मुंबईतील कलावंतांच्या जगातून बदलत्या समाजाचा वेध घेते. या दोन्ही कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद गोखले यांनी स्वतःच केले. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांसारख्या कृतीही त्यांनी इंग्रजीत नेल्या, तर मराठी नाटकाचा 1843 पासूनचा इतिहास इंग्रजीतच लिहिला. सर्जनशील लेखन मराठीत आणि समीक्षा बहुतांशी इंग्रजीत, या विभागणीमुळे मराठी साहित्य व रंगभूमी अमराठी वाचकांपर्यंत पोहोचवणारा भक्कम दुवा निर्माण झाला.