विश्लेषण : अंबरनाथ, बदलापूर साडेपाच वर्षे नगरसेवकांविना का राहिले?

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगर परिषदांची निवडणूक एप्रिल २०१५ नंतर थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. शेजारच्या उल्हासनगर महापालिकेसाठी फेब्रुवारी २०१७ नंतर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मुदत संपल्यापासून नव्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे दोन्ही नगर परिषदांत साडेपाच वर्षे आणि उल्हासनगरात पावणेचार वर्षे, कारभार प्रशासकांच्या हाती होता. पाच वर्षांच्या मुदतीचे बंधन थेट राज्यघटनेत असताना हे घडले कसे?

राज्यघटना काय सांगते?

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातील अनुच्छेद २४३ यू नुसार पालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच हे बंधन अधोरेखित केले होते. मेख अशी, की निवडणूक वेळेत झाली नाही तर कोणावर काय कारवाई करायची, याबद्दल हा अनुच्छेद गप्प आहे.

निवडणूक अडली कशात?

सुरुवात करोनाने झाली. २०२० च्या उन्हाळ्यात निवडणूक घेणे शक्यच नव्हते, याबद्दल वाद नाही. मात्र साथ ओसरली आणि निवडणूक न्यायालयात अडकली. ४ मार्च २०२१ रोजी ‘विकास गवळी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या: समर्पित आयोग, प्रत्येक संस्थेनुसार माहिती आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. राज्याने अटी पूर्ण न करताच अध्यादेश काढला, त्याला डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती मिळाली. मग मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा केला. त्याच वर्षी सत्ताबदल झाला. आधीच्या सरकारने वाढवलेली महापालिकांची सदस्यसंख्या नव्या सरकारने पुन्हा जुन्यावर आणली, नगराध्यक्षाची थेट निवड परत आणली. बांठिया आयोगाचा अहवाल जुलैमध्ये न्यायालयाने स्वीकारला, तरी ऑगस्टमध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला. पाच आठवड्यांसाठी दिलेल्या त्या आदेशानंतर पावणेतीन वर्षे तारखांमध्ये गेली.

अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. तेही जमले नाही आणि मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावी लागली. या पाच वर्षांत राज्यात सरकारे बदलली, पण निवडणुकीची घाई कोणालाच दिसली नाही. प्रशासक राज्य सरकार नेमते, हे लक्षात घेतले तर त्याचे फार आश्चर्य वाटायला नको.

प्रशासक असल्याने फरक काय पडला?

प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकार अधिकाऱ्याकडे जातात. त्यामुळे प्रस्ताव प्रशासनानेच मांडायचा आणि प्रशासनानेच मंजूर करायचा, असा प्रकार होतो. अंदाजपत्रकही याच वाटेने जाते. नगरसेवक म्हणजे साधुसंत नव्हेत. ठेकेदारी आणि टक्केवारीचे आरोप तर सगळीकडेच होतात. पण सभागृहात विरोधकाने विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो, वर्तमानपत्रात येतो, अधिकाऱ्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. ही सोय या शहरांत नेमक्या वाढीच्या वर्षांत नव्हती.

बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पूर्वेला आणि पश्चिमेला उभ्या राहिलेल्या नव्या संकुलांमधले हजारो लोक मतदार यादीत असले तरी सदस्यसंख्या आणि प्रभागांचा हिशेब अजून २०११ च्या आकड्यांवरच आहे.

नगरसेवक आले, आता पाणी येईल का?

इथे दुसरी अडचण आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांत पाणीपुरवठा आहे. प्रत्यक्षात अंबरनाथ आणि बदलापूरला पाणी देते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, उल्हासनगर ते विकत घेते एमआयडीसीकडून आणि बारवी धरणही एमआयडीसीचेच. या दोन्ही यंत्रणा राज्य सरकारच्या. त्यामुळे नळ कोरडा पडला की नगरसेवक मोर्चा काढू शकतो, पण ठराव करून वेळापत्रक बदलू शकत नाही. सोपवायचे विषय कोणते, हे घटना सुचवते. सोपवायचे की नाही, हे राज्याने ठरवायचे.

निकालानंतर काय झाले?

बदलापुरात ४९ पैकी भाजप आणि शिवसेनेला प्रत्येकी २३ जागा मिळाल्या, नगराध्यक्षपद भाजपकडे गेले. अंबरनाथमध्ये ५९ पैकी २७ जागा जिंकून शिवसेना मोठा पक्ष ठरली, पण नगराध्यक्ष १४ जागांच्या भाजपचा. मग जानेवारीत भाजप आणि काँग्रेसच्या नगरसेवकांनी एकत्र येऊन आघाडी केली, तिचा गवगवा देशभर झाला, काँग्रेसने आपले १२ नगरसेवक निलंबित केले आणि ते भाजपमध्ये गेले. साडेपाच वर्षांनी भरलेल्या सभागृहाची पहिली बातमी ही होती.

नव्या सभागृहांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. तोवर २०२७ च्या जनगणनेचे आकडे जाहीर झाले, तर प्रभाग पुन्हा आखावे लागतील. ते आखण्याचे अधिकार सध्या तरी राज्य सरकारकडेच आहेत.