देवचौकासाठी एक छोटी लेन्स

मैत्रिणींनो, डहाणू-तलासरीकडे लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. कुडाच्या घरात उजेड कमी. फ्लॅश मारला तर भिंतीचा पोत हरवतो, लिहिणाऱ्या बाया बिचकतात. मग फोटो राहूनच जातो.

इथे ५० मिलिमीटर, एफ १.८ ची छोटी लेन्स कामी येते. कॅमेऱ्यासोबतची साधी झूम लेन्स तेवढ्या अंतरावर साधारण एफ ५.६ पर्यंतच उघडते. ही जवळपास दहापट उजेड आत घेते. हिला झूम नाही: आजीची बोटं हवीत तर जवळ बसा, जास्त चौक हवा तर दाराकडे सरका. असं फिरताना नवं दिसत जातं, फोटो वाढतात.

चौक पुढे पुसट होतो. म्हणून आजीला विचारून फोटो काढा, एक प्रत तिलाही द्या.