पंख्याचा रेग्युलेटर आणि गिटारचा ॲम्प

डोंबिवलीहून एका वाचकांचं पत्र आलंय. त्यांची मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवते आणि सराव असतो दादरला. मित्राकडून आणलेला व्हॉल्व्हचा जुना ॲम्प इतका जड आहे, की रिक्षावाला आधी त्या खोक्याकडे बघतो आणि मग मान वळवतो. लोकलचा तर प्रश्नच नाही. दुकानदाराने पाच किलोचा एक डबा दाखवला आणि सांगितलं, ‘दोनशे वॉट आहे, काका.’ वाचकांचा प्रश्न असा, की एवढ्याशा डब्यातून दोनशे वॉट निघतील कसे? हा माणूस फसवत तर नाही ना?

शंका रास्त आहे, फक्त ती चुकीच्या जागी घेतली आहे. हलका आहे म्हणून दुबळा असेल, असं आता राहिलेलं नाही. गडबड असते ती ‘दोनशे’त.

फेंडर कंपनीचा ‘ट्विन रिव्हर्ब’ हा गिटारवाल्यांचा लाडका ॲम्प. व्हॉल्व्हचा, 85 वॉटचा, आणि वजन साधारण 29 किलो. 2019 मध्ये याच कंपनीने त्याचा ‘टोन मास्टर’ नावाचा अवतार काढला. दिसायला तसाच, आवाजही तसाच यावा म्हणून आत संगणकी करामत, पण वजन 15 किलो. मग उरलेले चौदा किलो गेले कुठे?

जुन्या घरांतला पंख्याचा रेग्युलेटर आठवा. स्विचबोर्डाशेजारी ठोकलेला तो मोठा खोका, मुठीत मावेल एवढी त्याची खुंटी, आणि एक ते पाच आकडे. पंखा ‘एक’वर ठेवला की खोका गरम व्हायचा. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत त्याच्यामागे हमखास एक पाल ऊब घेत बसलेली असे. पंख्याला नको असलेली वीज तो खोका नुसती जाळायचा, आणि जाळायचं म्हणजे आत ऐसपैस तारेचं वेटोळं हवं, हवा खेळायला जागा हवी. आताचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर स्विचएवढा असतो आणि गरम होत नाही. तो वीज जाळत नाही, तोडतो. सेकंदाला शंभर वेळा चालू-बंद करतो. पाती जड असल्यामुळे पंख्याला हे तुकडे जाणवत नाहीत, सरासरी तेवढी जाणवते.

गिटारच्या ॲम्पमध्ये नेमकं हेच घडलं. जुन्या पद्धतीत व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा काम करतो. स्पीकरला जेवढं हवं तेवढं सोडायचं आणि बाकीच्याची उष्णता करायची. ट्विनमध्ये चार 6एल6 व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या नुसत्या तारा तापवायला प्रत्येकी साडेपाच-पावणेसहा वॉट लागतात. म्हणजे गिटारला बोट लागायच्या आधीच बावीस-तेवीस वॉट खर्ची पडलेले! ‘क्लास डी’ नावाच्या नव्या पद्धतीत ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा असतो, नाहीतर पूर्ण बंद. उघडा असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतं आणि बंद असताना प्रवाह नसतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णता, त्यामुळे ती नगण्यच राहते. ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते. लहर वर चढली की ‘चालू’चा वेळ लांबतो, उतरली की आखडतो. शेवटी एक वेटोळं आणि एक कपॅसिटर मिळून पंख्याच्या जड पात्यांचं काम करतात, म्हणजे तुकडे सपाट करून मूळ लहर हाती देतात. आलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत पोचते. (‘डी’ म्हणजे डिजिटल असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. ए, बी, सी ही अक्षरं आधीच वापरून झाली होती, एवढाच त्या ‘डी’चा अर्थ.)

ही कल्पना ज्याची, त्याचं नाव गिटारवाल्यांना सोडाच, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलांनाही सहसा माहीत नसतं. ॲलेक रीव्ह्ज. जन्म 1902, इंग्लंडमधला. तिशीत तो पॅरिसमध्ये टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होता. लांबच्या फोनवर आवाजापेक्षा खरखरच जास्त पोचायची, आणि वाटेत आवाज वाढवला की खरखरही वाढायची. रीव्ह्ज म्हणाला, लहर पाठवूच नका, ती मोजा आणि आकडे पाठवा. आकडा म्हणजे ठोके: आहे किंवा नाही. मधलं काही नसलं की खरखरीला शिरायला फटच उरत नाही. 1938 मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. आज आपला प्रत्येक फोन, प्रत्येक गाणं याच वाटेने येतं. तेव्हा मात्र एवढे व्हॉल्व्ह लावणं कुणाला परवडणार? 1940 मध्ये जर्मन सैन्य पॅरिसवर आलं आणि हा इंग्लंडला परतला. तिथे विमानांना वाट दाखवणारी ‘ओबो’ ही यंत्रणा त्याने उभी केली. वैमानिकाच्या कानातला सूर ओबो या वाद्यासारखा येई, म्हणून ते नाव. पन्नासच्या दशकात त्याने क्लास डी सुचवला. मला यात एकाच माणसाचा एकच हट्ट दिसतो: मधली अवस्था नको. टेलिफोनमध्ये मधल्या अवस्थेत खरखर शिरते, ॲम्पमध्ये उष्णता.

1964 मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने क्लास डीचा पहिला ॲम्प बाजारात आणला, घरी जोडायच्या संचाच्या रूपात. नाव ‘एक्स-10’, आणि प्रत्यक्ष ताकद अडीच वॉट. थोडक्यात, हलका ॲम्प आणि वॉटची थाप एकाच मुहूर्तावर जन्मली. त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने उघडझाप करू शकत नव्हते. पुढे मॉसफेट ट्रान्झिस्टर आले तेव्हा कुठे रीव्ह्जची कल्पना चालायला लागली. तो 1971 मध्येच गेला होता.

उष्णता सोसणारं सामान हे जुन्या ॲम्पमधलं पहिलं ओझं, तर दुसरं म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं लोखंड. ट्रान्सफॉर्मर हा पाणक्या समजा. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास खेपा करते. पन्नास खेपांत हौद भरायचा तर हंडा लागतो. तीच वीज आधी तोडून लाखभर खेपांची केली तर पळीही पुरते. मोबाइलचे चार्जर खिशात मावायला लागले ते यामुळेच. विमानवाल्यांना हे गणित फार आधी समजलं होतं. विमानात वीज 50 ऐवजी 400 हर्ट्झची वापरतात, कारण तिथे लोखंडाच्या प्रत्येक किलोला उडवावं लागतं.

तिसरं ओझं स्पीकरच्या चुंबकाचं. त्यावर उपाय काढला जपानी संशोधक मासातो सागावा यांनी. आधीच्या कंपनीला त्यांच्या कल्पनेत रस नव्हता, म्हणून ते ती सोडून गेले आणि 1982 मध्ये निओडायमियम, लोखंड व बोरॉन यांचा चुंबक बनवला. टोन मास्टरमध्ये याच जातीच्या चुंबकाचे स्पीकर आहेत.

आता त्या ‘दोनशे’कडे येऊ. आवाज दुप्पट वाटायला वॉट दुप्पट करून भागत नाही, साधारण दहापट करावे लागतात. शंभराचे दोनशे केले तर फरक तीन डेसिबलचा, कान टवकारला तर कळणारा. खरा फरक स्पीकर पाडतो. गिटारचा चांगला बारा इंची स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, 100 डेसिबल देतो. छोट्या डब्यातला सहा-साडेसहा इंची स्पीकर 88च्या आसपास. ही बारा डेसिबलची तफावत भरून काढायला सोळापट वॉट लागतात. म्हणजे दुकानातला दोनशे वॉटचा डबा आणि बारा इंची स्पीकरवरचा तेरा वॉटचा ॲम्प, आवाजाने बरोबरीचे.

आणि तेही ते दोनशे खरे असले तर. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘1000 वॉट पीएमपीओ’ छापलेलं असायचं, आठवतंय? वीज त्याच्या चौथ्या हिश्शानेही जात नसे. माझी एक सवय आहे: ॲम्पच्या तोंडाकडे न बघता शेपटाकडे बघायचं. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत 15 व्होल्ट, 2 ॲम्पिअर असं असेल, तर आत शिरतात तीस वॉट. डब्यात बॅटरी नसेल तर सलगपणे तीसच्या वर बाहेर पडणं शक्य नाही. क्षणभर उसळी येईल, तेवढंच. खोक्यावर मग काहीही छापू देत. दुसरी मेख ओहमची. बहुतेक आकडे चार ओहमच्या स्पीकरवरचे असतात. आठ ओहमचा जोडला की ते निम्म्यावर येतात.

व्हॉल्व्हचे वॉट जास्त जोरदार असतात, असं जुने वादक शपथेवर सांगतात. वॉट तो वॉटच, पण व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर ताणला की हळुवार फाटतो आणि ते फाटणं कानाला गोड लागतं, म्हणून वादक त्याला बिनधास्त ताणतो. क्लास डी मर्यादेला लागला की कचकन कापतो, त्यामुळे त्याला हात राखून वापरावं लागतं. टोन मास्टरमध्ये 85 व्हॉल्व्ह-वॉटच्या जागी कंपनीने 200 वॉट ठेवलेत ते म्हणूनच.

तेव्हा डोंबिवलीच्या काकांना माझा सल्ला असा, की पाच किलोचा डबा घेऊच नका. सरावाच्या जागी बारा इंची स्पीकरचं खोकं बहुधा पडलेलं असतं, ते विचारून घ्या. मुलीला घेऊन द्या नुसता क्लास डीचा ‘हेड’, म्हणजे स्पीकरविना ॲम्प. पन्नास-शंभर खऱ्या वॉटचे हेड आता गिटारच्या पिशवीच्या खिशात मावतात. ते खोकं खुर्चीवर ठेवायला सांगा. जमिनीवर ठेवलं की खर्ज फुगतो आणि स्पीकरचे तिखट सूर, जे सरळ रेषेतच जातात, मुलीच्या गुडघ्यांवर आपटून संपतात. तिला वाटतं आवाज कमी पडतोय, ती खुंटी फिरवते, आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात.