आळस नव्हे, आजार

स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणास भास होऊ लागले, तो एकटाच बोलू लागला, की घरची मंडळी हवालदिल होतात. कोणी देवाचा कौल घेतो, कोणी डॉक्टर गाठतो. औषधाने भास ओसरतात. खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते. मुलगा दिवसचे दिवस अंथरुणावर पडून राहतो, आंघोळीस उठत नाही, मित्र आले तर तोंड चुकवतो. मग वडील म्हणतात, बरा झाला, पण आळशी झाला. या एका शब्दाने त्या मुलावर जेवढा अन्याय होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

कारण उमेद नाहीशी होणे हे रोगाचेच अंग आहे. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन आले आणि भासभ्रमांना आवर बसला. इच्छाशक्तीचा हा लोप मात्र त्या जातीच्या औषधांनी फारसा हटलेला नाही. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरील राग, थट्टा, जिव्हाळा ओळखण्याची जी कला आपण नकळत शिकतो, तीच या रोगात उणावते. शेजारी सहज हसला तरी तो आपल्यालाच हसला असे वाटते. त्यापेक्षा घरात कोंडून घेणे बरे! ही कला पुन्हा शिकवता येते. चेहऱ्यांची चित्रे दाखवावी, लहान प्रसंग रंगवावे, शेजाऱ्याच्या हसण्याला दुसरे कारण संभवते काय, हे विचारावे. उमेदीसाठीही उपदेश निरुपयोगी. आज माडाला पाणी घालणे, उद्या दुकानापर्यंत जाणे, अशी उद्दिष्टे रुग्णाने स्वतः निवडावी लागतात.

हे काम घरोघरी होऊ शकते काय? गोवा, सातारा व तामिळनाडू येथील २८२ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीची जोड मिळालेल्यांची लक्षणे व परावलंबन वर्षभरात अधिक कमी झाले. फरक माफक होता, हे सांगितलेच पाहिजे; चमत्कारांच्या बातम्यांनी या कुटुंबांची पुरेशी फसवणूक झाली आहे.

२०१७ च्या कायद्याने पुनर्वसनाची सेवा हा रुग्णाचा हक्क मानला. प्रत्येक तालुक्यात असे दोन कार्यकर्ते सरकारने कायम वेतनावर नेमावेत, अशी आमची मागणी आहे. कंत्राटी नेमणुकीने हे साधणार नाही. अशा रुग्णाचा विश्वास बसायलाच काही महिने जातात, आणि तेवढ्यात कंत्राट संपते.