अवजड यंत्रांचा ताशी खर्च

उत्खनक, बुलडोझर, रोलर यांसारखे यंत्र एक तास कामावर राबविण्यास मालकाला येणारा एकूण खर्च म्हणजे त्या यंत्राचा ताशी खर्च होय. त्याचे मालकी खर्च व चालन खर्च असे दोन भाग करतात. घसारा, गुंतविलेल्या भांडवलावरील व्याज, विमा व कर हा मालकी खर्च असून यंत्र उभे असतानाही त्याची आकारणी थांबत नाही. इंधन, वंगण, दुरुस्ती व चालकाचे वेतन हे चालन खर्चात येतात. नदीखोरे प्रकल्पांवरील यंत्रांचे असे दर काढण्यासाठी आय. एस. ११५९० हे भारतीय मानक आहे.

लहान मालकाला या हिशेबाची गरज किती असते, हे सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात विशेष जाणवते. १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या टेंभू उपसा सिंचन योजनेचे कालवे, २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानातील नाला खोलीकरण, तलावांतील गाळ काढणे, विहिरी व शेततळी अशा कामांमुळे माणदेशात खोदाईयंत्रांना मागणी आली. तेथे पट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनकास सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. मुळात ते एका फ्रेंच कंपनीचे नाव होय. यंत्र बहुधा कर्जाने घेतलेले असते व ते तासावर भाड्याने दिले जाते. नाले व तलाव कोरडे असतात तोपर्यंतच तेथील काम चालते. हप्ते मात्र बारमाही असतात.

उदाहरणादाखल ६० लाख रु. किंमतीचा, १४० अश्वशक्तीचा उत्खनक घेऊ. त्याचे आयुष्य १०,००० तास व अखेरची विक्री किंमत १५ लाख रु. धरल्यास ४५ लाख रु. घसारा १०,००० तासांवर विभागून ताशी ४५० रु. येतो. यंत्र वर्षास २,००० तास चालले, तर ते पाच वर्षे टिकेल व त्या काळातील सरासरी वार्षिक गुंतवणूक ४२ लाख रु. होईल. व्याज, विमा व कर मिळून १२ टक्के धरल्यास वर्षाला ५·०४ लाख रु., म्हणजे ताशी २५२ रु. पडतात. मालकी खर्च अशा रीतीने ताशी ७०२ रु. होतो.

डिझेल एंजिनास पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे तासाला सु. ०·१७ लिटर इंधन लागते. सरासरी भार ६० टक्के धरता सु. १४ लिटर व लिटरला ९० रु. दराने १,२६० रु. होतात. वंगण, ग्रीज व गाळण्या यांसाठी १५० रु., दुरुस्तीसाठी घसाऱ्याच्या ७० टक्के म्हणजे ३१५ रु. आणि चालक व मदतनीस यांच्या ३५,००० रु. मासिक वेतनापोटी २१० रु. मिळविल्यास ताशी खर्च २,६३७ रु. भरतो. कठीण काळ्या दगडात ब्रेकर लावून काम असेल, तर दुरुस्तीचा हा आकडा अपुरा पडतो. ट्रेलरवरून केलेली ने-आण वेगळी धरावी लागते.

हेच यंत्र वर्षाला १,००० तासच चालले, तर ते दहा वर्षे टिकेल असे मानूनही व्याज, विमा व कर यांचा भार ताशी ४७७ रु. आणि वेतनाचा ४२० रु. होऊन एकूण खर्च ३,०७२ रु. होतो. येथे इंधनाचा दर किंवा चालकाचे कौशल्य यांत काहीच बदललेले नाही. मासिक वेतन नावाला चालन खर्चात असले, तरी ते मालकी खर्चासारखेच वागते. शिवाय दहा वर्षांच्या जुन्या यंत्रास १५ लाख रु. मिळतीलच असे नाही.

डिझेल, वेतन व हप्ता एवढेच मोजून दर ठरविण्याची पद्धत म्हणूनच फसवी आहे. हप्ते फिटल्यावर यंत्र स्वस्त पडते असे वाटते. पण घसारा बाजूला काढलेला नसल्यास नव्या यंत्रासाठी पुन्हा पूर्ण कर्ज काढावे लागते. मंदीत पूर्ण खर्चापेक्षा कमी दर घेणे नेहमीच चुकीचे नसते. वरील उदाहरणात इंधन, वंगण व दुरुस्ती यांचे १,७२५ रु. भागून जे उरेल ते वेतन व मालकी खर्चाला हातभार लावते. मात्र तोच दर ऐन हंगामातही कायम राहिला, तर भांडवल हळूहळू खाल्ले जाते.

काम देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ताशी दरापेक्षा दर ब्रासमागे पडणारा खर्च महत्त्वाचा असतो. मऊ मुरमात व पक्क्या खडकात एका तासाचे काम सारखे होत नाही. त्यामुळे खडकात दर तासावर आणि गाळ वा मुरमात तो ब्रासवर ठरविणे उभय पक्षांना सोयीचे पडते.