नाव सांगताना अडतं तेव्हा



मागच्या महिन्यात पडघ्याकडच्या एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. सुरुवातीला प्रार्थना झाली. त्यात एका ताईंचा आवाज सगळ्यांत मोकळा, खणखणीत. मग नवीन सभासद आल्या होत्या म्हणून एकेकीने आपलं नाव सांगायचं ठरलं. या ताईंची पाळी आली आणि नावातलं पहिलंच अक्षर अडलं. डोळे मिटले, जबडा आवळला, आवाज येईना. मला पुढच्या गावी जायची घाई होती, म्हणून मीच त्यांचं नाव सांगून टाकलं. दोघी-तिघी हसल्या. त्यानंतर बैठक संपेपर्यंत त्या ताई एक शब्द बोलल्या नाहीत.

रिक्षा स्टँडपर्यंत मला सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, नाव माझं होतं. मलाच सांगू द्यायचं होतं."

समाजकार्याची पदवी घेऊनही ही चूक मी केली. म्हणून या अंकात तोतरेपणाबद्दल लिहायचं ठरवलं. शिवाय २२ ऑक्टोबर हा दिवस तोतरेपणाबद्दल जागृती करण्यासाठी जगभर पाळला जातो, १९९८ पासून.

तोतरं बोलणं तीन तऱ्हांनी दिसतं. कुणाचं अक्षर परत परत येतं, कुणाचं लांबतं, तर कुणाचं तोंडातच अडकून बसतं. बोबडं बोलणं वेगळं, त्यात उच्चारच बदलतो. तोतरेपणात काय बोलायचं ते डोक्यात पक्कं असतं, फक्त मेंदूकडून ओठ, जीभ आणि आवाजाला मिळणारा इशारा वेळेवर जुळत नाही. हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. लहानपणी घाबरल्यामुळे, कुणाची नक्कल केल्यामुळे किंवा आईने ग्रहण पाहिल्यामुळे ते होत नाही. आपल्याकडे मूल घरी आगरी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलतं, त्यामुळेही होत नाही. भीतीने ते वाढतं, पण भीती हे त्याचं मूळ नाही.

शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सुटतात. मोठेपणी शंभरात एखाद्याचंच राहतं, आणि त्यात बायकांच्या चौपट पुरुष असतात. हिशोब मांडला तर दोन-अडीचशे बायकांमागे एखादी. म्हणूनच गावातल्या बाईला वाटतं की हे फक्त आपल्यालाच आहे. अभिनेता हृतिक रोशन लहानपणापासून तोतरं बोलायचा आणि त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलंय, पण त्याचं उदाहरण देऊन आपल्या ताईला कितपत धीर येणार!

मग प्रार्थना कशी सुरळीत झाली? सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला की बहुतेकांचं अडखळणं थांबतं. गाण्यात थांबतं, तान्ह्या बाळाशी किंवा गोठ्यातल्या गाईशी बोलतानाही थांबतं. पण एकटीने, चारचौघींसमोर, ठरावीक शब्द बोलायचा म्हटलं की अडतं. सगळ्यांत अवघड स्वतःचं नाव, कारण त्याला दुसरा शब्द नाही. बाकी शब्द बदलता येतात. या ताई दुकानात तूरडाळ मागायला जातात आणि त अडेल म्हणून मूगडाळ घेऊन येतात. लग्नात उखाणा ठेक्यात म्हटला, नावाशी आल्या आणि थांबल्या, बायकांना वाटलं लाजतेय.

बाहेरून दिसतं त्यापेक्षा हे लपवण्याचंच ओझं मोठं असतं. गटात यांच्याइतका चोख हिशोब कुणाचा नाही, तरी सचिवपद नको म्हणतात. कारण विचारलं तर एकदा बँकेत काउंटरवर नाव सांगता येईना, तेव्हा "स्वतःचं नाव पण माहीत नाही का?" असं ऐकावं लागलं होतं.

आता उपाय. याला गोळी नाही. जिभेला वेखंड चोळून किंवा तोंडात गोट्या ठेवून तोतरेपणा जात नाही. कुणी आठ दिवसांत बरं करतो म्हणून हजारो रुपये मागत असेल तर त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका.

सरावाने बोलणं सोपं होतं, हे मात्र खरं. अडणारा शब्द जोर लावून ढकलायचा नाही. आधी हलकासा श्वास सोडत पहिलं अक्षर मऊ, लांबवून सुरू करायचं. ओठ-जीभ नुसती टेकवायची, दाबायची नाही. अडलं तर अर्ध्यावर पळून जायचं नाही; थांबायचं, सैल व्हायचं आणि तोच शब्द पुन्हा सावकाश म्हणायचा. घरी मुद्दाम थोडं अडखळूनही बघायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण त्याने भीती कमी होते. आणि "मी अडखळते, जरा वेळ द्या" हे आधीच सांगून टाकलं की लपवायचं ओझं उतरतं. सराव एकटीने इतिवृत्ताची वही मोठ्याने वाचून सुरू करा, मग एका मैत्रिणीसमोर, मग गटात.

डेहराडूनजवळच्या हर्बर्टपूरचे डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव स्वतः तोतरे बोलतात. त्यांनी २००८ मध्ये 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' सुरू केली. त्यांचं कामही स्वमदत गटांतूनच चालतं, मुंबई-पुण्यातही. लोक एकत्र बसतात, अडखळत बोलतात, एकमेकांचं ऐकतात. वाचून मला आपलीच बैठक आठवली.

बाकीच्यांनी काय करायचं? शब्द पुरा करून देऊ नका. "हळू बोल", "श्वास घे" म्हणू नका, त्याने ताण वाढतो. तोंडाकडे बघा आणि थांबा. ओळीने पाळी लावू नका; आपली पाळी जवळ येतेय या धास्तीनेच जास्त अडतं. तिला हवं तेव्हा बोलू द्या.

लहान मुलांबाबत थोडं. मूल सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस अडखळत असेल, बोलताना चेहरा आवळत असेल किंवा घरात कुणाला तोतरेपणा असेल तर 'मोठं झालं की जाईल' म्हणून बसू नका. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांना सांगा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे वाचा-उपचार होतात. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही होतात. आपल्याकडून ठाणे किंवा कल्याणला जाऊन दादरला गाडी बदलायची. मोठ्या माणसाचं बोलणं अचानक अडखळायला लागलं तर मात्र लगेच दवाखान्यात न्या, तो लकवा असू शकतो.

परवा पुन्हा त्या गटात गेले. आधी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्यांनी नाव सांगितलं, वेळ लागला. एकीची नजर मोबाइलकडे गेली, शेजारणीने तिला कोपर मारलं. मग त्यांनी महिन्याचा हिशोब वाचला, दोन ठिकाणी अडल्या, तरी पूर्ण वाचला. सचिवाची निवड पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.